धुतलेली घोंगडी

आमच्या गावची बलदिया वर्षातून दोनदा कुत्री मारायची, एकदा होळी झाली की आणि एकदा दिवाळीच्या तोंडावर. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. बलदियाची नगरपालिका झाली होती, दारावरची उर्दू पाटी उतरून मराठी पाटी लागली होती, आत नवे लोक बसले होते. कुत्री मारायची पद्धत मात्र कुणी बदलली नाही. तांबडं फुटलं की दोन माणसं बादली घेऊन निघत आणि गल्लोगल्ली कुचल्याचं विष घातलेल्या मांसाच्या गोळ्या टाकत जात. ऊन वर येईपर्यंत मागून गाडी फिरे आणि मेलेली कुत्री उचलून नेई. गळ्यात पट्टा असलेलं कुत्रं दिसलं तर त्याला हाकलून देत, बाकीच्यांना गोळी. पट्टा एका घराला एकच मिळे.

मी मुलींच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा नोकरीला लागून दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. सकाळी शाळेच्या आवारात तीन कुत्री तडफडत होती. कुचला खाल्लेलं कुत्रं शेवटपर्यंत शुद्धीवर असतं, अंग लाकडासारखं ताठ होतं आणि डोळे आपल्याकडं बघत राहतात. मुली फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांना मागच्या दारानं वर्गात घेतलं, खिडक्या लावल्या आणि शुद्धलेखन घातलं. बाहेरून आवाज येतच होता, त्याच्या वरताण आवाज काढून मी शब्द सांगत होते. त्या दिवसाचा राग मला अजून येतो. बलदियाचा कमी आणि माझा जास्त.

लोक पुढं म्हणायचे, बाईंना भूतदया फार. कसली भूतदया! मला कुत्र्यांची विशेष आवड नव्हती, लहानपणी एक चावलंही होतं. पण खिडक्या लावून शुद्धलेखन घेणारी बाई म्हणून मला उरलेली नोकरी करायची नव्हती, एवढंच.

जनावरांच्या दवाखान्यात एक वयस्क कंपाउंडर होते, निजामाच्या वेळेपासूनचे. सगळी नोकरी त्यांनी उर्दूत केलेली. वरून मराठीत कागद मागायला लागले तेव्हा त्यांची पंचाईत झाली. त्यांचे अर्ज, औषधांच्या याद्या मी मराठीत लिहून देत असे. बलदियाचा कुचला तेच तोलून देतात हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. मग एका दुपारी ते सायकल हातात धरून शाळेच्या फाटकाशी आले. इकडंतिकडं बघून म्हणाले, "बाईजी, मंगळवारी सकाळी. मैं कुछ नै बोल्या." आणि सायकलवर टांग मारून गेले.

त्यानंतर दर खेपेला दहा-पंधरा दिवस आधी ते मला दिवस सांगत. तोलायचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही. सोडा म्हणायला माझं काय जात होतं? घरात लग्नाच्या पोरी त्यांच्या होत्या, माझ्या नव्हत्या.

पण दिवस कळून करायचं काय? कुत्री काही आपण सांगितल्यावर गाव सोडून जात नाहीत. वाट काढली ती एका धनगराच्या बाईनं. पोखर्णीच्या बाजूला तिची मेंढरं असायची. मेंढीच्या खुराला किडे पडले म्हणून ती दवाखान्यात आली होती, आणि मी तिथं अर्ज लिहीत बसले होते. लांडग्यांनी तिची दोन कुत्री एकाच हिवाळ्यात फाडली होती. आमचं बोलणं कानावर पडलं तशी ती म्हणाली, "मारायलेत कशाला? आमाला द्या की. आमाला कुत्री लागायलीत आन् तुमी विख घालायलेत, हे काय शानपन हाय व्हय?"

तिची एक अट होती, आणि ती तिनं मला दोनदा म्हणून दाखवायला लावली, मी मुलींकडून पाढे म्हणून घेते तशी. मेंढरांच्या अंगाखालची एक जुनी घोंगडी ती देणार. गावातून धरलेलं कुत्रं मी आठ-दहा दिवस माझ्याकडं ठेवायचं, त्याची खरूज बरी करायची, त्याला खाऊ घालायचं, पण झोपवायचं त्याच घोंगडीवर. कुत्र्याच्या अंगाला मेंढरांचा वास लागला पाहिजे आणि नाकात तोच बसला पाहिजे. मग मेंढरं त्याला बुजत नाहीत, आणि मेंढरांत सोडलं की त्यालाही वाटतं, आपण घरी आलो. "आन् घोंगडी धुयाची न्हाई बाई. घान असू द्या, गोचीड असू द्या. पान्याला दावायची न्हाई."

तीन-साडेतीन वर्षं आम्ही हे केलं. मंडळ नव्हतं, वर्गणी नव्हती, मी आणि कंपाउंडर. मी तेव्हा गावाच्या कडेला एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहत होते. तिथं घोंगडीच्या वासाचं कुणाला काय होतं! कंपाउंडर करंजाच्या तेलात गंधक कालवून द्यायचे, ते मी चोळायची. कुत्री चावायची, ओकायची, दोरी तोडायची. एकानं माझी चप्पल खाल्ली आणि मी आठवडाभर अनवाणी शाळेत गेले, कारण दुसरी नव्हती.

नेणं-आणणं हा वेगळाच तमाशा. पिल्लं असली तर टोपल्यात घालून, वर लुगडं बांधून मी मोटारीत मांडीवर घ्यायची. एकदा एक पिल्लू नेमकं कंडक्टर शेजारी आला तेव्हा रडलं. तो म्हणाला, "बाई, तुमचा टिफीन बोलायलाय." पुढं त्याला सवय झाली. मोठं कुत्रं असलं की बाजार करून रिकामी परतणारी बैलगाडी गाठायची. कुत्रं गळ्यापर्यंत पोत्यात घालायचं, तोंडाला चिंधी बांधायची आणि गाडीवानाच्या शिव्या खात पाच कोस जायचं. तिथं पोचलं की धनगरीण कुत्र्याला मेंढरांच्या मधोमध खुंट्याला बांधायची, खाली ती घोंगडी टाकायची आणि मला सांगायची, आता मागं न बघता जा. तीन दिवस बांधून ठेवून चौथ्या दिवशी ती दोर सोडायची. वीसेक कुत्री आम्ही अशी नेली. दोन पळाली, एक लांडग्याशी झुंजताना मेलं. बाकीची मेंढरांची झाली. मी कधी गेले तर ती माझ्यावर भुंकायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात गेलो, त्याच्या पुढच्या होळीची गोष्ट. मी हेडबाई झाले होते. हेडबाईनं गोठ्याशेजारी राहणं बरं दिसत नाही असं सगळे म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटू लागलं होतं. मी चांगल्या वस्तीत दोन खोल्या घेतल्या. घरमालकीण सोवळ्याओवळ्याची, पण मनानं वाईट नव्हती. मागच्या पडवीत थोडे दिवस कुत्रं बांधायला तिनं हो म्हटलं होतं.

त्या खेपेला मी शाळेतलीच एक पिवळट कुत्री घेतली. डावा कान फाटलेला होता. शाळेच्या घंटेखाली तिचा मुक्काम. दोन वर्षं ती बलदियाच्या तावडीतून कशी सुटली होती कोण जाणे. कुणी हात पुढं केला की चार पावलं मागं सरायची आणि तिथून बघत बसायची. मुलींच्या डब्यातला तुकडासुद्धा मुली लांब गेल्याशिवाय उचलायची नाही. बहुतेक त्यामुळंच वाचली असेल. तिला धरायला मला आणि कंपाउंडरांना दोन दिवस लागले. पंधरा दिवस हातात होते, पंधराव्या दिवशी गोळ्या टाकणार होते. त्यातले दोन धरण्यातच गेले.

पडवीत तिसऱ्या दिवशी ती माझ्या हातून खायला लागली. पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर शेपटी हलवली. मला बरं वाटलं. बरं वाटायचं काम नव्हतं ते, पण वाटलं.

सहाव्या दिवशी घरमालकीण दारात आली. चैत्र लागणार होता, तिच्या ओसरीवर हळदीकुंकू होतं. नाकाला पदर लावूनच म्हणाली, "बाई, कुत्रीचं काही न्हाई, पण ती घोंगडी... सगळ्या घरात मेंढरांचा वास सुटलाय. हेडबाईच्या घरातून असा वास यावा, बरं दिसतं का? कलेक्टर कचेरीतल्या बाया येणार हायत."

मला धनगरीण आठवली नाही असं नाही. तिचा आवाजसुद्धा आठवला. पण माझ्या डोक्यात आलं ते असं: ही अडाणी माणसांची समजूत आहे. कुत्रं कळपात रमतं ते खाण्यापिण्यानं, सवयीनं. घोंगडीत काय ठेवलंय? मी ट्रेनिंग झालेली बाई, आरोग्यशास्त्राचा धडा शिकवणारी, फळ्यावर 'स्वच्छता' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिणारी. आणि खरं कारण याहूनही हलकं होतं. कलेक्टर कचेरीतल्या बायकांसमोर मला धनगरवाड्यातली व्हायचं नव्हतं.

मी घोंगडी रात्रभर सोड्याच्या पाण्यात भिजवली, सकाळी रिठ्यानं दोनदा घासली. काळंकुट्ट पाणी निघालं. मला समाधान वाटलं, एवढी घाण निघाली म्हणून. दोन दिवस ती दोरीवर वाळत होती. या दोन दिवसांत कुत्री माझ्या जुन्या लुगड्यावर झोपली. मग मी स्वच्छ घोंगडी पुन्हा अंथरली. कुत्रीनं ती हुंगली आणि अंगाची मुटकुळी करून निजली. मी म्हटलं, बघा, काही अडलं का?

गोळ्यांच्या दिवसाला चार दिवस उरले तेव्हा गाडी मिळाली. कुत्री पोत्यात गप्प बसून होती, सगळी वाट डोकं माझ्या गुडघ्यावर टेकून. तोंडाला चिंधी बांधायची गरज पडली नाही. याआधीच्या एकाही कुत्र्यानं असं केलं नव्हतं, आणि मला त्यातून काही समजायला हवं होतं.

धनगरिणीनं तिला खुंट्याला बांधलं. घोंगडी हातात घेतली आणि थांबली. नाकाशी नेली.

"बाई, घोंगडी धुतली काय?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "नाही."

"रिठ्याचा वास यायलाय."

"माझ्या हाताचा असेल. सकाळी न्हाले."

"मऊ लागायलीय बी."

"घागर लवंडली होती तिच्यावर. तेवढंच पाणी लागलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे मला त्याच वेळी माहीत होतं. ती रागावली असती, दोन शब्द बोलली असती. मग दुसरी घोंगडी काढून तिनं कुत्रीला पंधरा-वीस दिवस खुंट्यालाच ठेवलं असतं. बस्स. याहून जास्त काही झालं नसतं. पण शेजारी तिचा नवरा उभा होता, गाडीवान कान देऊन ऐकत होता, आणि सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून मुलींना उठाबशा काढायला लावणारी मी, एका अंगठेबहाद्दर बाईपुढं चूक कबूल करणार होते थोडीच!

"शाळंतल्या बाई हायत," ती नवऱ्याला म्हणाली, "त्या कशाला खोटं बोलतील?" आणि घोंगडी कुत्रीखाली टाकली. जवळच्या मेंढ्या पाय आपटत बाजूला झाल्या. इतर वेळी त्या कुत्र्याला हुंगायला यायच्या. मी ते पाहिलं आणि मागं न बघता गाडीत जाऊन बसले. न बघायचा नियम तेवढा मी काटेकोर पाळला.

चौथ्या दिवशी दोर सोडला. ठरल्याप्रमाणं, पहाटे मेंढरं उठायच्या आधी. त्याच पहाटे आमच्या गावात बादली निघाली होती.

पाच कोस ती पळत आली असणार. मी सकाळी आठच्या सुमाराला शाळेला निघाले तर ती बोळाच्या तोंडाशी होती. गोळी कुठं खाल्ली माहीत नाही. दोन वर्षं लांब राहून जगलेली कुत्री, आता माणसानं टाकलेलं खायला घाबरत नव्हती. तेही मीच शिकवलेलं. ती उभी राहायला बघत होती, मागचे पाय ताठ झाले होते. मला पाहून शेपटी हलली. मी तिथं रस्त्यात बसले. घरमालकीण दारातून म्हणाली, "बाई, उठा, लोक बघायलेत." मी उठले नाही. लोकांची लाज मला तेव्हा वाटली नाही. आठवडाभर आधी वाटायला नको होती, तेव्हा वाटली होती.

कुणीतरी कंपाउंडरांना सांगितलं. ते सायकलवरून आले, खाली वाकून पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली. करण्यासारखं काही नव्हतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? गाडी आली तेव्हा त्यांनीच तिला उचलून आत ठेवलं. मी त्या दिवशी शाळेत उशिरा पोचले. माझ्या नोकरीतला तो पहिला उशीर, आणि हजेरीत कारण लिहिलं, प्रकृती ठीक नाही.

पुढच्या महिन्यात मी धनगरिणीकडं गेले. उन्हाळ्यात तिची मेंढरं सोनपेठच्या बाजूला गोदावरीच्या काठानं असत. मोटारीनं गेले, पुढं दीड कोस चालले. सगळी वाट मी वाक्य जुळवत होते: मावशी, मी घोंगडी धुतली होती, मी खोटं बोलले. एवढं लहान वाक्य. पहिलीतल्या मुलीलाही पाठ होईल.

तिनं मला लांबून ओळखलं. बसायला घोंगडी टाकली, पितळीत मेंढीचं दूध दिलं. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली.

"बाई, तुमचं कुत्रं आमाला सांभाळता आलं न्हाई. लय वाईट वाटायलं. दोर सोडला आन् बघता बघता गेलं. मागं पळाले म्या, पर वय झालं आता."

मी म्हटलं, "मावशी—"

"आन् आणखी एक. त्या दिवशी म्या तुमच्यावर संशय घेतला. रिठ्याचं बोलले. मनाला लावून घिऊ नका. तुमी गेल्यावर मालक लय बोलले मला, म्हनले, शिकलेल्या बाईला असं इचारतेत व्हय?"

ती माझी माफी मागत होती. पितळी माझ्या हातात होती आणि माझं वाक्य अजून बोलायचं राहिलं होतं. आता बोलले तर नुसतं माझं एक खोटं उघडं पडणार नव्हतं, ही माफीसुद्धा मला परत करावी लागणार होती, शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यासमोर. मी पितळी तोंडाला लावली.

"घोंगडीची ही रीत माझ्या आज्यापासनं चालत आलती," ती म्हणाली. "ती बी खोटीच निघाली म्हना की. ते कुत्रं सुटलं त्याच आठवड्यात लांडग्यानं दोन कोकरं न्हेली. त्या कुत्र्याच्या भरवशावर आमी दुसरं कुत्रं बघितलं न्हवतं. आता गावातलं कुत्रं नको बाई. घोंगडीचा गुन लागंना झालाय."

तिच्या आज्याची रीत खरी होती. जगात हे माहीत असलेली मी एकटी होते, आणि मी दूध पीत होते. दूध संपवून मी मेंढरांची चौकशी केली, खुरांचं औषध पाठवते म्हणाले आणि शेवटची मोटार गाठायला निघाले. ती बांधापर्यंत पोचवायला आली.

दिवाळीच्या आधी कंपाउंडर फाटकाशी आले. शाळा सुटली होती. नेहमीसारखं इकडंतिकडं बघून त्यांनी दिवस सांगितला, आणि मग विचारलं, "इस बार कितने, बाईजी? गाडीवानाला बोलून ठेवतो."

"एकही नाही," मी म्हटलं.

ते कारण ऐकायला थांबले. आवारात एक कुत्री पिल्लांना पाजत पडली होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"धनगरांना नको आहेत आता गावातली कुत्री," मी म्हटलं.

हे मात्र अगदी खरं होतं. कंपाउंडर "अच्छा" म्हणाले आणि कुचला तोलायला गेले.